‘नकाशा कशाला?’ असे विचारणाऱ्यांना

फेब्रुवारी लागला की कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या गावांत एक वाक्य हमखास ऐकायला मिळते. वणव्याचा विषय निघतो. कोणीतरी सुचवते, की गावच्या हद्दीतले पाण्याचे साठे एकदा फिरून टिपू या आणि त्यांचा नकाशा करून ठेवू या. त्यावर लगेच उत्तर येते, “नकाशा कशाला? वणवा काय पाण्याने विझतो?” बोलणारा कधी गावचा जुना पुढारी असतो, कधी जंगलखात्यात उमर घालवलेला माणूस, तर कधी मुंबईत राहून फक्त आंब्याच्या हंगामात गावी येणारा बागायतदार. सूर मात्र एकच असतो, आणि तो इतक्या ठामपणे लावला जातो की सुचवणारा गप्प बसतो, विषय तिथेच मिटतो. मला या वाक्याची मनापासून चीड आहे. दरवर्षी जळणाऱ्या बागा, गोठे आणि गंज्या यांतला बराच भाग या एका वाक्याच्या खाती जमा व्हायला हवा.

त्यांचे म्हणणे काय आहे, ते आधी पूर्ण मांडतो. वणवा डोंगरावर लागतो आणि डोंगरावर पाणी चढवता येत नाही. तो विझतो हिरव्या टाळ्यांनी झोडून, जाळरेषा काढून, वेळ पडली तर समोरून जाळ लावून. पाणी कुठे आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, ते कागदावर उतरवायची गरज नाही. सरकारकडे उपग्रह आहेत, तालुक्याला बंब आहे, आता तर घरोघर नळ आलेत. एप्रिलमध्ये जिथे प्यायच्या पाण्याला टँकर लागतो, तिथे आगीवर ओतायला पाणी आणणार कुठून? आणि मुळात वणवे माणसेच लावतात. त्यांना धरा, की सगळाच प्रश्न सुटला.

यातला झोडण्याचा मुद्दा निम्मा खरा आहे, म्हणूनच तो माणसाला फसवतो. सड्यावर गुडघाभर वाळके गवत असते, जाळ कमरेच्या खाली असतो, वारा पडलेला असतो, तेव्हा दहा-बारा माणसे ऐनाच्या, किंजळीच्या टाळ्या घेऊन ओळीने उभी राहिली तर आग खरोखर आटोक्यात येते. मीही त्या ओळीत उभा राहिलो आहे. पण सड्यावरचा जाळ काजूच्या बागेत उतरला की गोष्ट बदलते. काजूखाली वीतभर पाला साचलेला असतो. टाळीने वरची ज्योत मरते, खालचा पाला धुमसत राहतो. वाळक्या खोडाच्या पोकळीत, जुन्या मुळीत, वाळलेल्या शेणात निखारा रात्रभर जिवंत असतो. सकाळी सगळे दमून घरी गेलेले असतात. अकरा-बारा वाजता समुद्रावरून वारा सुटतो, निखाऱ्याला हवा लागते, आणि काल विझवलेली आग आज पुन्हा उभी राहते. दुसऱ्या दिवशी पेटलेला वणवा हा पुष्कळदा पहिल्या दिवशीचाच असतो. तो मारायला पाणी लागते, आणि फार लागत नाही. आंब्याच्या फवारणीचा पाठीवरचा पंप कोकणात घराघरात आहे. त्यात १६ लिटर पाणी बसते. खोड उकरून त्यात नीट ओतले तर एवढे पाणी एका धुमसत्या खोडाला पुरते. प्रश्न असतो तो पंप दुसऱ्यांदा भरायचा कुठे. झरा चारशे पावलांवर असेल तर दोन माणसे सकाळपर्यंत अख्खी बाग गार करतील. तोच झरा कोणाला आठवला नाही आणि पंप घेऊन वाडीपर्यंत उतरावे लागले, तर तिसऱ्या खेपेला माणूस खाली बसतो.

शिवाय ज्या जाळरेषेचा आणि समोरून लावलेल्या जाळाचा दाखला दिला जातो, ते काम करणाऱ्या वनमजुराला विचारा. हाताशी पाणी नसताना समोरून जाळ लावायला तो तयार होईल का? वारा फिरला की तोच जाळ त्याच्या अंगावर येतो. चढावर तर आग वरच्या दिशेने धावत सुटते, कारण वरचे गवत खालच्या आचेने आधीच तापून वाळलेले असते. अशा जागी मागे ओला केलेला पट्टा आणि भरलेले दोन पिंप नसतील, तर ते काम माणसांच्या जिवावर उदार होऊन केलेले काम ठरते. आणि कोणी भाजले, तर भाजल्या जागी वीस मिनिटे गार पाणी सोडत राहणे हा पहिला उपचार आहे. तेही पाणी कुठून तरी आणावेच लागते. डोंगराचा माथा पाण्याने विझवा, असे नकाशा मागणारा कोणीही म्हणत नाही. तो वाडीची कड, गोठा, पेंढ्याची उडवी, कलमांची बाग आणि विझवणारी माणसे यांच्यासाठी पाणी मागतो आहे. न केलेल्या मागणीला उत्तर देऊन खऱ्या मागणीकडे पाठ फिरवणे आता थांबले पाहिजे.

“पाणी कुठे आहे हे सगळ्यांना माहीत आहे” हा दावा मला सर्वांत जास्त खटकतो. सगळे म्हणजे नेमके कोण? डोंगरातले झरे ठाऊक असतात गुरे चारणाऱ्या धनगराला, कवळे तोडायला जाणाऱ्या बायकांना, आणि पासष्टी ओलांडलेल्या चार-दोन पुरुषांना. वणवा लागतो तो बहुतेक भर दुपारी. त्या वेळी गावात असते कोण? तरणी माणसे मुंबई-पुण्याला, किंवा तालुक्याला कामावर. निम्म्या घरांना कुलपे. बागेत असतो राखणदार. रत्नागिरीच्या किती तरी आंबा-बागांत हा राखणदार नेपाळहून आलेला असतो. धूर सर्वांत आधी त्याला दिसतो, पहिली धावपळ तोच करतो. त्याला आपल्या बागेतली टाकी माहीत असते, पण गडग्यापलीकडच्या व्हाळातला बारमाही डोह कोणी दाखवलेलाच नसतो. बंबाचा चालक येतो तालुक्याहून. तो या वाडीत आयुष्यात पहिल्यांदा आलेला असतो. वनरक्षकाची बदली गेल्या पावसाळ्यात झालेली असते. यांतल्या कोणाकडे आहे ते सगळ्यांना असलेले ज्ञान? ज्या आजीला झरा ठाऊक आहे, तिला फोन करून बंबाला वाट सांगायला कोणी सांगितले आहे का? तिच्या डोक्यात जे आहे ते तिच्याबरोबरच जाणार, हे दिसत असूनही ते उतरवून घ्यायला आपण नकार देतो आहोत.

बरे, जागा माहीत असणे आणि पाणी उपसता येणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर फुटांत मोजायचे आहे. बाहेर उभ्या केलेल्या पंपाला पाणी ओढून घ्यायचे असते, तेव्हा त्याला हवेच्या दाबाची मर्यादा पडते. हिशोबाने ती १०.३ मीटर आहे. प्रत्यक्षात पंप, पाइप आणि फूट व्हॉल्व्ह यांच्या घासणीत ती सात मीटरवर, म्हणजे तेवीस फुटांवर येते. इंजिन कितीही अश्वशक्तीचे असले तरी ही मर्यादा बदलत नाही. आता आठवून पाहा, तुमच्या वाडीच्या विहिरीचे पाणी एप्रिलअखेर काठापासून किती खाली असते? तीस फूट असेल, तर ती विहीर बंबाच्या पंपासाठी कोरडी आहे, मग तळाला पुरुषभर पाणी का असेना. तिथे पाणबुडी मोटार हवी, ती चालवायला वीज हवी, आणि वणव्यात पहिली जाते ती वीज. खांब जळतात, नाही तर तारांखाली आग आहे म्हणून पुरवठा बंद केला जातो. मग डिझेल इंजिन कोणाकडे आहे, ते आत्ता चालू आहे की दोन वर्षे शेडमध्ये पडून आहे, हेही कळायला हवे.

इथे आणखी एक साधी अडचण सांगतो, जिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बंबाच्या नळीला ६३ मिलिमीटरचे झटपट बसणारे कपलिंग असते. शेतकऱ्याच्या पंपाला दोन किंवा तीन इंची आट्याचा पाइप असतो. ही दोन तोंडे एकमेकांना जुळत नाहीत. मधला जोड आधीच घेऊन ठेवला नसेल, तर पंप आहे, पाणी आहे, बंब आहे आणि तरी पाइप हातात धरून बंबाच्या वरच्या झाकणातून पाणी सोडत बसावे लागते. आग वाट पाहत नाही. हा जोड आहे का, आणि तो कोणाच्या घरी आहे, हे गावच्या नकाशावर लिहिलेले असले पाहिजे.

नकाशा म्हणजे कागदावर निळे ठिपके, एवढेच ज्यांच्या डोळ्यांपुढे येते, त्यांनी एक नोंद कशी असावी ते पाहावे. समजा वाडीच्या वरच्या अंगाला एक जुनी, बंद पडलेली चिरेखाण आहे. नोंद अशी: ‘पाणी पावसाचे, झरा नाही. मार्चअखेर छातीभर, एप्रिलअखेर गुडघाभर, मेमध्ये धरू नये. काठापर्यंत पिकअप जाते, बंब जात नाही. बंब वडाखाली थांबवून दीडशे फूट नळी टाकावी लागते. उत्तरेची कड ढासळती, तिकडून उतरू नये. जमीनमालक मुंबईला, संमती लेखी घेतली आहे, फाटकाची किल्ली शेजारच्या घरी. पाणी प्यायचे नाही.’ एवढेच. हे लिहायला कोणी अभियंता लागत नाही. मोजायला दोर आणि दगड पुरतो. पण या दहा ओळी दुपारी दोन वाजता अनोळखी माणसाच्या हातात पडल्या, तर त्याचा अर्धा तास वाचतो. शेततळे असेल तर आणखी एक ओळ हवी: काठाला दोर बांधला आहे का. प्लास्टिकच्या अस्तरावरून घसरून आत पडलेल्या माणसाला दोर नसेल तर वर येता येत नाही. आगीच्या गडबडीत अशा तळ्यावर पाणी घ्यायला धावणाऱ्याला हे कोण सांगणार?

उपग्रहांचे नाव घेणाऱ्यांना थोडक्यात उत्तर पुरे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचे इशारे मोबाइलवर पाठवते, ही चांगली सोय आहे आणि प्रत्येक गावाने तिथे नोंदणी करावी. पण ज्या व्हीआयआयआरएस संवेदकावर हे इशारे मुख्यतः अवलंबून आहेत, तो आपल्या डोक्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातो आणि ३७५ मीटरचा एक चौकोन एक ठिपका म्हणून पाहतो. तीन वाजता पेटलेले गवत त्याला रात्री दिसेल, तोवर गाव ते नाकाने ओळखून मोकळे झालेले असते. आणि मुख्य म्हणजे तो सांगतो आग कुठे आहे. पाणी कुठे आहे हे त्याला कोणी विचारलेलेच नाही. झाडाखालची विहीर, कपारीतला झरा, आटलेल्या तलावातला उरलेला डोह त्याला दिसतही नाही.

कोणी जलस्रोतांच्या गणनेचा आधार घेतात. २०२३ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या पहिल्या गणनेत देशात २४ लाखांहून अधिक जलसाठे मोजले गेले, महाराष्ट्रातले सुमारे ९७ हजार. काम मोठे आहे. पण त्यात वाहते झरे आणि ओहोळ धरलेलेच नव्हते, आणि मोजणीचा भर होता साठा कोणाचा, वापरात आहे का, अतिक्रमण आहे का यावर. एप्रिलमध्ये त्याच्या काठाशी गाडी उभी राहते का, हा प्रश्न त्या गणनेचा नव्हताच.

आता बंबाकडे येऊ. ग्रामपंचायतीकडे बंब नसतो. तो नगरपरिषदेचा, नाही तर जवळच्या औद्योगिक वसाहतीचा असतो. धरून चालू की तो पंचवीस किलोमीटरवर आहे. घाटवळणाच्या रस्त्याने पन्नास मिनिटे. बंबात पाच हजार लिटर पाणी. मिनिटाला साडेचारशे लिटर सोडले, तर ते अकरा मिनिटांत संपते. मग पुन्हा पन्नास मिनिटे परत, भरणे, पन्नास मिनिटे येणे. म्हणजे दोन तासांत अकरा मिनिटे पाणी. उरलेल्या वेळात आग आपले काम करत असते. हाच बंब गावापासून दोन किलोमीटरवरच्या शेततळ्यावर भरला, तर अर्ध्या तासात पुन्हा हजर होतो. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या शेततळ्यात वीस लाख लिटरच्या वर पाणी मावते, त्यातले निम्मे उडाले-वापरले तरी दोनशे बंब भरतील. दोन तासांत एक खेप की चार खेपा, हा फरक नव्या बंबाने पडत नाही. तो चालकाच्या हातात पडलेल्या कागदाने पडतो. तालुक्याला आणखी एक बंब हवा ही मागणी मी नाकारत नाही. पण कागदाची किंमत एका मोठ्या टायरएवढीही नाही, आणि तो आपण करत नाही.

नळयोजनेवर विसंबणाऱ्यांनी जानेवारी २०२५ मधला लॉस एंजेलिसचा वणवा आठवावा. पॅसिफिक पॅलिसेड्स हा तिथला श्रीमंत भाग. डोंगरावर प्रत्येकी दहा लाख गॅलनच्या तीन टाक्या, रस्तोरस्ती आगीचे नळ. एकाच वेळी सगळीकडून पाणी ओढले जाऊ लागले आणि टाक्या रिकाम्या झाल्या, उंचावरचे नळ कोरडे पडले. जवळचा सांता इनेझ जलाशय ११ कोटी ७० लाख गॅलनचा, आणि तो दुरुस्तीसाठी रिकामा करून ठेवलेला. पैसा, यंत्रे, विमाने सगळे असलेल्या शहराची ही गत. घरगुती वापरासाठी बांधलेली नळयोजना डोंगर पेटल्यावर पुरत नाही, आणि कागदावर भरलेला साठा प्रत्यक्षात भरलेला आहे का हे हंगामाआधी पाहावे लागते. आपल्या वाडीच्या टाकीत किती पाणी असते, आणि वीज गेल्यावर ती पुन्हा भरणार कशाने?

ज्यांनी आगीत हात पोळून घेतले आहेत, त्यांनी हे काम कधीच हाती घेतले आहे. दक्षिण फ्रान्समध्ये जंगलाच्या आगीसाठी सगळा मुलूख दोन किलोमीटरच्या चौकोनांत पाडलेला आहे. प्रत्येक चौकोनाला क्रमांक आहे, त्यात पाण्याच्या टाक्या आणि वाटा दाखवल्या आहेत, आणि जमिनीवरचा अग्निशमन जवान, वनखात्याचा माणूस व विमानातला वैमानिक एकच क्रमांक बोलतात. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सचे ग्रामीण अग्निशमन दल लोकांच्या घरच्या टाक्या, शेततळी, पोहण्याचे तलाव मालकाच्या संमतीने नोंदवते आणि फाटकावर पाटी लावते, म्हणजे रात्री आलेल्या गाडीला विचारत बसावे लागत नाही. आणि इतके लांब जायचे कारण काय? मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्यासह ठिकठिकाणी जंगल पेटले, तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे बादल्या लटकवून आली. एप्रिल २०२४ मध्ये नैनितालच्या डोंगरावर हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने भीमतालमधून पाणी उचलले. आकाशातून येणाऱ्या मदतीलाही पहिला प्रश्न हाच पडतो, की जवळचे खोल आणि मोकळे पाणी कुठे आहे.

आता त्या आक्षेपाकडे येतो, ज्याला मी मान देतो, कारण तो तहानलेल्या माणसाचा आहे. “आम्हाला प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही आगीसाठी नोंदवून घेणार?” डोक्यावर हंडा घेऊन डोंगर उतरणाऱ्या बाईने हे विचारले तर तिला वरवरचे उत्तर देणे अन्यायाचे होईल. पण हाच आक्षेप टँकरचे कधी तोंडही न पाहिलेली माणसे तिच्या नावाने पुढे करतात, तेव्हा त्यांना विचारावेसे वाटते: आज वणवा लागला तर पाणी घेतले जाते कुठून? पहिली दिसेल त्या विहिरीतून, आणि ती पहिली दिसणारी विहीर बहुधा पिण्याचीच असते, कारण तिलाच रस्ता असतो आणि तिच्यावरच मोटार असते. नकाशा नसल्यामुळे पिण्याच्या पाण्याचे रक्षण होत नाही. उलट तेच पहिले उपसले जाते. पाणी कमी आहे, म्हणूनच कोणते पाणी आगीला लावायचे आणि कोणत्या पाण्याला कोणी हात लावायचा नाही, हे थंड डोक्याने ग्रामसभेत आधी ठरायला हवे. चिरेखाणीतले हिरवे पाणी, गुरांच्या तळ्यातले गढूळ पाणी, बागायतदाराच्या शेततळ्यातले खत मिसळलेले पाणी, गोव्यात बंद लोहखाणींच्या खड्ड्यांत साचलेले पाणी. कोणी पिणार नाही असे किती पाणी आपल्या हद्दीत पडून आहे, हे आपण कधी मोजलेच नाही.

आणि मोजायला गेले की पाणी वाढवताही येते. मिनिटाला वीस लिटर देणारा बारीकसा झरा कोणी हिशेबात धरत नाही. तो दहा तासांत बारा हजार लिटर देतो, म्हणजे दोन बंबांहून जास्त. त्याच्या खाली नोव्हेंबरात सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून वनराई बंधारा घातला, की ते पाणी वाहून न जाता थांबते. वनराई बंधारे आपण घालतोच. गावाला एका दिवसाचे श्रमदान लागते, फोटो निघतात, अहवाल जातो. फक्त बंधारा घालताना बागेच्या कडेला, वाटेच्या जवळ, गोठ्यांच्या वरच्या अंगाला जागा निवडावी, असा विचार करायला कोणाकडे नकाशा नसतो. जिथे उतरायला सोपे तिथे तो घातला जातो.

या विरोधामागे एक भीतीही आहे, जी उघड बोलली जात नाही. विहीर नकाशावर गेली की उद्या सरकार तिच्यावर हक्क सांगेल. जमिनीच्या बाबतीत कोकणी माणसाने इतके सोसले आहे, की ही भीती खोटी म्हणून उडवून लावता येत नाही. पण तिचे उत्तर काम न करणे हे असू शकत नाही. उत्तर आहे अटी लिहून घेणे. नोंदवही ग्रामपंचायतीकडे राहील. मालकाची संमती लेखी असेल आणि ती तो केव्हाही मागे घेऊ शकेल. आगीत पाणी उपसले तर पंचायत ते टँकरने भरून देईल. हे ठराव म्हणून मंजूर करता येते. ज्या माणसाची उडवी शेजाऱ्याच्या विहिरीच्या पाण्याने वाचली आहे, तो पुढच्या वर्षी स्वतःच्या विहिरीची नोंद द्यायला मागे राहत नाही.

उरला गुन्हेगारांचा मुद्दा. होय, वणवे बहुतेक माणसेच लावतात. बांध जाळताना, भाजावळ करताना, शिकारीसाठी, चांगले गवत उगवते या समजुतीने, विडी टाकून. कधी तारांच्या ठिणग्याही पडतात. राखीव जंगलात आग लावणे १९२७ च्या वन अधिनियमाने गुन्हा आहे. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतेक जंगल आणि सडे खाजगी मालकीचे आहेत, तिथे वनखात्याचा हात पोचायला मर्यादा आहेत. धरा, जरूर धरा. पण शंभर वर्षे कायदा आहे आणि दरवर्षी डोंगर जळतो आहे, हेही डोळ्यांपुढे ठेवा. चोर पकडला जाईपर्यंत दाराला कडी लावायची नाही, असे आपण कुठल्या घरात म्हणतो? वेंगुर्ल्याच्या चांगल्या जातीचे काजूचे कलम लावल्यावर तीन-चार वर्षे ते पोसावे लागते, तेव्हा कुठे बी हाती येते. एका दुपारी ते जळते, ठिबकच्या नळ्या वितळून जमिनीला चिकटतात. आग कोणी लावली हे कळल्याने त्या शेतकऱ्याची चार वर्षे परत येतात का?

विरोध करणाऱ्यांपैकी कोणीही आजवर हे काम करून पाहून ते निरुपयोगी ठरले असे सांगितलेले नाही. सगळे आधीच सांगतात की उपयोग नाही. जलयुक्त शिवारासाठी शिवारफेरी निघाली, पाणलोटाचे आराखडे झाले, भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. म्हणजे चालायची सवय गावाला आहे, मोजायची पद्धत आपल्याकडे आहे, मोजणारी माणसे आहेत. दोरी, दगड, वही आणि जागा टिपणारा मोबाइल घेऊन शाळेतल्या वरच्या वर्गातली मुले, बचतगटातल्या बायका, दोन धनगर आणि वनरक्षक एकत्र निघाले, तर एका गावाची हद्द थोड्याच दिवसांत पुरी होते. एकदा थंडीत, आणि पुन्हा एप्रिलअखेर, जेव्हा खरे पाणी कळते. दुसऱ्या फेरीशिवाय पहिली फेरी धोकादायक आहे, कारण डिसेंबरात टिपलेला भरला डोह मे महिन्यात माणसाला कोरड्या दगडांवर नेऊन उभा करतो. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे महिना हवा. प्रती चार हव्यात: ग्रामपंचायतीत भिंतीवर, वनरक्षकाकडे, तालुक्याच्या बंबात, आणि पोलीसपाटलाच्या घरी. मोबाइलवर ठेवाच, पण डोंगरात रेंज नसते, म्हणून कागदावरही ठेवा.

महाराष्ट्राच्या वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. त्याच्या वीस दिवस आधी, २६ जानेवारीला, प्रत्येक गावात ग्रामसभा भरते. त्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्या. थंडीची फेरी तिच्या आधी काढा, आणि सभेत वही उघडून एकेक नोंद वाचून दाखवा. चुकले असेल तर म्हातारी माणसे तिथल्या तिथे दुरुस्त करतील. आगीला कोणते पाणी, पिण्याला कोणते, किल्ली कोणाकडे, इंजिन कोणाचे, जोड कुठे ठेवला, हे त्याच बैठकीत ठरवून ठरावावर सह्या घ्या. आणि ज्यांना अजूनही हे नको आहे, त्यांनी त्याच सभेत उभे राहून एवढे सांगावे: भर दुपारी सड्यावरून जाळ वाडीकडे उतरू लागला आणि तालुक्याचा बंब रिकामा होऊन फाट्यावर उभा राहिला, तर त्याला कोणत्या वाटेने, कोणत्या पाण्यावर पाठवायचे. त्यांनी सांगितलेले उत्तर आम्ही वहीत पहिली नोंद म्हणून लिहून घेऊ.